माझ्या नावाची मेढ

नियम लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही! ही बढाई नाही, पुरावा आहे. गारखेड्यात मी एका खोलीत भाड्यानं राहतो. खोलीत आम्ही दोघं. मी आणि एक पाल. पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर कागद चिकटवला : 'पालीने ट्यूबलाइटच्या डाव्या बाजूस राहावे. – हुकुमावरून.' तेव्हापासून ती डाव्या बाजूलाच राहते. आता बोला!

(त्याआधीही ती डाव्याच बाजूला होती. पण नियमांचं असंच असतं. जे चाललंय तेच लिहून काढायचं, म्हणजे अंमलबजावणी शंभर टक्के होते.)

खोलीत असे कागद पुष्कळ आहेत. 'दिवा बंद करून झोपावे.' 'ज्याने भांडे घेतले त्यानेच ते धुवावे.' 'मोठ्याने बोलू नये.' हा शेवटचा नियम यंदाच्या मार्चपर्यंत एकदाही मोडलेला नव्हता. पाचोड गावाहून मी या शहरात आलो त्याला तेव्हा आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत माझ्याशी नेमानं बोलणाऱ्या बायका दोन. एक साळूबाई. त्या दाराबाहेर डबा ठेवून 'डबाऽऽ' म्हणत आणि मी दार उघडेपर्यंत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचलेल्या असत. दुसरी फोनमधली. रिचार्ज संपत आला की तीच आठवणीनं सांगायची. आवाजात माया होती. एकदा मी तिला विचारलं, 'बरंय का?' ती म्हणाली, 'एक दाबा.'

नोकरी म्हणाल तर उद्यान कार्यालयात हंगामी कारकून. हंगाम संपला की कारकून संपला. मार्चअखेरीला साहेबांनी बोलावलं.

"बद्रीनाथ, त्या गारखेड्याच्या बागेत लोक उन्हाचे टेकायला येतात, आणि आपली झाडं अजून गुडघ्याएवढी. एक पिंपळ आहे कोपऱ्यात, त्याची सावली त्यालाच पुरत नाही. दोन महिने मांडव टाकायचाय. हंगामी उन्हाळी निवारा. त्यात लोकांनी कसं वागावं, त्याचे नियम लिहा. आणि एकतीस मेला मांडव निघाला पाहिजे, तिथं पुढं रोपं लावायचीत. वेळेत निघाला तर तुमची मुदत वाढवू."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मांडव राहील, तुम्ही जाल."

मी एका बैठकीत अकरा नियम लिहिले. चपला बाहेर काढाव्यात. आडवे होऊ नये. जागा धरण्यासाठी रुमाल ठेवू नये. ठेवल्यास रुमालाचा मालक हाकेच्या अंतरावर असावा. नियम चार : निवाऱ्यात लग्नसमारंभ करू नये. नियम अकरा : झाडास काहीही बांधू नये. आणि नियम नऊ, माझा लाडका : 'निवाऱ्यात येणाऱ्याने आधी बसलेल्या व्यक्तीची विचारपूस करावी, आधी बसलेल्याने "बसा" म्हणावे.'

साहेब नवावर थबकले. "हा कशाला?"

"शिस्तीसाठी, साहेब. विचारपूस करणारा माणूस त्या वेळी थुंकू शकत नाही."

साहेबांना पटलं. सही झाली. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

(रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं, असा माझा बेत होता.)

एक एप्रिलला सकाळी मुकुंदवाडीचा सांडू मांडववाला टेम्पो घेऊन आला.

"हिरवी जाळी कुठंय?" मी विचारलं.

"लगीनसराई हाय साहेब! जाळ्या समद्या हॉटेलवाल्यानं नेल्या. हे हाय बघा."

'हे' म्हणजे गुलाबी छत, सोनेरी झालर आणि मधोमध एक हूक.

"हा हूक?"

"झुंबराचा."

"झुंबर?"

"नको का? बरं, ऱ्हाऊ द्या," सांडू म्हणाला, जणू माझ्याच हट्टापायी झुंबर राहिलं.

पहिल्या खांबाचा खड्डा खणून झाला, इतक्यात मागून आवाज आला, "थांबा! मेढ पुजली का?"

ही चतुराबाई. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू आणि हातात भली मोठी कापडी पिशवी. लेकानं नातवंडं सांभाळायला म्हणून तिला गावाहून आणलं होतं. नातवंडं सकाळी शाळेत जायची, दुपारी शिकवणीला, संध्याकाळी पोहायला. सांभाळायला कुणी हाती लागतच नव्हतं. म्हातारा गावाकडं म्हशींपाशी. मग ही दिवसभर बागेत.

"सरकारी मांडव हाय, मावशे," सांडू म्हणाला.

"सरकारला देव नाय व्हय? मोकळी मेढ रोवत्यात का कुठं?"

आता हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. घरात कार्य असलं की मांडवाचा पहिला खांब तसाच ठोकत नाहीत. त्याला हळदकुंकू लावतात, आंब्याचा टहाळा बांधतात, पिवळ्या फडक्यात सुपारी गुंडाळून बांधतात आणि मुहूर्तावर रोवतात. ती मेढ. हे सगळं सामान चतुराबाईच्या पिशवीत तयार होतं! करंडा, सुपारी, पिवळं फडकं. मला तर वाटतं, ती कुठंतरी मांडव पडेल या आशेवरच शहरात फिरत होती.

पाच सवाष्णी हव्या होत्या. तिनं फिरायला आलेल्या चौघी अडवल्या. एक बूटवाली म्हणाली, "अहो, माझी दहा हजार पावलं व्हायचीत!"

"व्हतील. आधी हळद लाव."

हळद लागली, टहाळा आला. सगळं झाल्यावर चतुराबाईनं कंबरेवर हात ठेवून चौफेर नजर टाकली. "नवरदेव कुठंय?"

वाचकहो, इथं मी गप्प बसायचं होतं. पण मला एक खोड आहे. चेहरा ढिम्म ठेवून गंमत करायची. गावात या खोडीवर पारावरचे सगळे हसायचे. शहरात आठ महिने मी गमती करत होतो आणि कुणी हसत नव्हतं, कारण कुणी नव्हतं. आता एकदम पाच बायका आणि एक मांडववाला समोर! मी म्हणालो, "मीच की."

कुणी हसलं नाही. चतुराबाईनं मला वरून खाली पाहिलं. "लई वाळलाय," म्हणाली, आणि माझ्या दोन्ही गालांना हळद फासली.

आता 'अहो, गंमत केली' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आठ महिन्यांत मला कुणाचा हात लागलेला नव्हता, न्हाव्याचा सोडून. तोंडच उघडेना. तेवढ्यात बूटवालीनंही हळद लावली. मग बाकीच्यांनी. सांडूनं माझा हात धरून खांबाला लावला, मेढ खड्ड्यात उतरली.

"नाव काय रे तुझं?"

"बद्रीनाथ."

"बद्रीनाथाच्या लग्नाची मेढ!" चतुराबाईनं जाहीर केलं आणि बागेतली कावळ्यांची सभा बरखास्त झाली.

संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. नियमांची पाटी लागली होती. बागेचा वॉचमन पुंजाराम शिट्टी घेऊन उभा होता. अकरा नियमांतले दहा त्याला कळले नव्हते. कळलेला एक त्यानं असा काही राबवला, की विचारू नका!

"ओ काका! इचारपूस केली का? नाय? उठा! चपला घाला, भाईर जा, परत या, अन् इचारा!"

माणसं बाहेर जात, परत येत आणि मलाच विचारत, कारण मी आधी बसलेला होतो. आणि काय विचारत? "काय नवरदेव, तारीख कधीची?" बातमी त्या दहा हजार पावलांनी गारखेडाभर पोचवली होती.

मी खोटं काहीही बोललो नाही. "मुलीकडच्यांचं काय म्हणणं?" कुणी विचारी. मी म्हणे, "अजून तरी काही म्हणणं नाही." "मुलगी कशी आहे?" "आजवर एका शब्दानं बोलली नाही." "वा! भाग्यवान आहात!"

एकच माणूस फसला नाही. दत्तोपंत. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगा पुण्याला. रोज पाटीसमोर उभं राहून ते अकराही नियम वाचत, जसे काही आज बदलले असतील. चौथ्या दिवशी शेजारी येऊन बसले.

"बरे आहात? ही विचारपूस झाली. आता मुद्दा. नियम चार. निवाऱ्यात लग्नसमारंभ करू नये. लिहिणारे कोण?"

"मी."

"मेढ कुणाच्या लग्नाची?"

"माझ्या."

"मग?"

"विशेष परवानगीसाठी अर्ज केलाय."

"कुणाकडे?"

"माझ्याकडेच."

"मंजूर झाला?"

"त्रुटी निघाली. वधूच्या नावाचा रकाना कोरा आहे."

दत्तोपंतांनी मान पाटीकडं वळवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. ते हसत होते! आवाज न करता, कचेरीतल्या सवयीनं. हसून झाल्यावर म्हणाले, "अर्ज निकाली काढू नका. प्रलंबित ठेवा. प्रलंबित असलं की माणसाला रोज यायला कारण राहतं."

एप्रिल हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात गर्दीचा महिना. माझं नाव पन्नास माणसांना माहीत! मी काय जेवलो, हे लोक विचारत. चतुराबाई फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा आणायची. "खा. नवरदेव हाय का बुजगावणं? मांडवात उभा केला तर पाव्हणे म्हणतील, खांब कोणता अन् पोरगा कोणता!" खोलीवर आलो की मी हे सगळं पालीला सांगायचो. मोठ्यानं. नियम मोडून!

पण मेचा पहिला आठवडा सरला आणि चतुराबाईनं मला एका दुपारी एकट्याला गाठलं. बाहेर ऊन असं, की पुंजारामची शिट्टी तोंडाला चटका द्यायची. मांडवात आम्ही दोघंच.

"पोरीचं नाव काय?"

मी भाकरीकडं पाहिलं.

"नाय?"

"नाय, मावशी."

"कोणीच नाय?"

"एक पाल आहे. पण ती डाव्या बाजूला राहते."

ती हसली नाही. पदरानं वारा घेत राहिली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली. "ज्याचं लगीन ठरलेलं असतं, तो रोज सांजच्याला बागंत येऊन बसत नाय."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"तवाच सांगायचं नाय व्हय रे, गंमत केली म्हून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हळद पुसली असती."

"मग आता?" तिनं मेढीकडं बोट केलं. टहाळा वाळून कोळसा झाला होता. "मेढ पुजलीय. तुझं नाव घेऊन रोवलीय. कार्य झाल्याबिगर मांडव हालत नसतो. मोकळा मांडव उतरवला तर ज्याच्या नावाचा, तो जन्माचा मोकळा ऱ्हातो." मग पिशवी उचलत म्हणाली, "शोधू! तीन आठवडे हायेत. तीन आठवड्यात लोकांनी नातू खेळवलेत."

आठ दिवसांत तिनं स्थळ आणलं. मुकुंदवाडीचे आप्पासाहेब, तिच्या नात्यातले, पांढरीशुभ्र टोपी, मिशा इस्त्री केल्यासारख्या. भाचीसाठी मुलगा पाहायला मांडवातच आले. पुंजारामनं त्यांनाही सोडलं नाही. "पाव्हणं, आधी इचारपूस!"

"त्यासाठीच आलोय ना बाबा!" आप्पासाहेब खेकसले आणि माझ्यासमोर बसले. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "बसा."

"बसलोय. घर?"

"भाड्याची खोली."

"घरात कोण कोण?"

मी विचार केला. "सध्या दोघं."

चतुराबाईनं मला कोपर मारलं. आप्पासाहेब पुढं सरकले. "नोकरी?"

"सरकारी कार्यालयात."

मिशा जरा वर गेल्या. "कायम?"

"हंगामी."

मिशा खाली आल्या. "म्हंजी किती दिवस?"

"मांडव वेळेत निघाला तर मुदत वाढते. नाही निघाला तर एकतीस मेला संपते."

"मग काढा की मांडव!"

"लग्न झाल्याशिवाय काढता येत नाही. मेढ पुजलीय."

आप्पासाहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "थांबा. लगीन झालं तर मांडव निघणार. मांडव निघाला तर नोकरी ऱ्हाणार. अन् नोकरी ऱ्हाणार असंल तरच मी पोरगी देणार. व्हय ना?"

"बरोबर."

"म्हंजी नोकरी ऱ्हाण्यासाठी लगीन पायजे, अन् लग्नासाठी नोकरी!"

"तुम्हाला लवकर कळलं. मला दोन दिवस लागले."

"आरं, पोरगी काय मांडव हलवायची पहार हाय व्हय!" आप्पासाहेब उठले. जाता जाता चतुराबाईला म्हणाले, "पोरगा बोलतो लई, अक्का. अन् एका जागी स्थिर नाय."

आणखी दोन स्थळं आली. एकानं मला पाहिलं आणि सांडूला विचारलं, मांडव बरा आहे, केवढ्याचा? दुसरे चुकून आले होते, त्यांना पुढच्या गल्लीत जायचं होतं. तरी नियमाप्रमाणे विचारपूस करून गेले.

मग तीस मे उजाडली. सांडू पहारी घेऊन आला, मेढीपाशी गेला आणि हात जोडून मागं सरला.

"काढ की रे!"

"म्या नाय! अवो, तवा मीच तुमचा हात धरून रोवली. नवरदेव अजून वाळकाच दिसतोय, कार्य कुठं झालं? पुजलेली मेढ मोकळी उपटली तर माझा धंदा बसंल. तुम्ही उपटा."

मी हात पुढं केला. खरंच केला. पहार हातात घेतली. एक हिसका दिला असता की मुदतवाढ माझी होती. पण समोर चतुराबाई उभी होती आणि तिच्या डोळ्यांत जन्माचा मोकळा असलेला कुणीतरी उभा होता. त्याची उंची माझ्याएवढी होती. मी पहार खाली ठेवली.

साहेबांना फोन लावला. "साहेब, मांडव निघत नाही."

"का?"

"माझं लग्न झालेलं नाही म्हणून."

मग साहेब म्हणाले, "उन्हात उभे आहात का? सावलीत जा. आणि उद्या संध्याकाळपर्यंत जागा मोकळी नसली तर परवा येऊ नका."

मांडवात कुणी विचारपूसही करेना; पुंजारामनं शिट्टी खिशात घातली. तेव्हा दत्तोपंत चष्मा पुसत उठले आणि पाटीसमोर जाऊन उभे राहिले.

"मेढ कशासाठी असते, चतुराबाई?"

"कार्यासाठी."

"कार्य म्हणजे लग्नच, असं कुठं आहे? मुंजीलाही मेढ असते."

"माझी मुंज?" मी म्हणालो. "आमच्यात नसते."

"तुमची नव्हे." त्यांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "त्याची."

कोपऱ्यात पिंपळ उभा होता. आमच्या अंगाची ठेवण एकच : उंची बरी, अंगावर काही नाही.

"पिंपळाची मुंज करायची जुनी रीत आहे," दत्तोपंत म्हणाले. "आमच्या वडिलांनी दोन लावल्या. मला सगळं पाठ आहे."

"पण नियम चार..."

"लग्नसमारंभ करू नये, एवढंच आहे. मुंजीचा उल्लेख नाही. छत्तीस वर्षांचा अनुभव सांगतो, ज्याचा उल्लेख नाही ते करता येतं."

"नियम अकरा! झाडास काहीही बांधू नये."

दत्तोपंतांनी बोट वर केलं. "जानवं बांधत नाहीत, घालतात. पुंजाराम, मुलाचं वय काय?"

पुंजारामनं खाडकन सलाम ठोकला. "आठवं लागलं साहेब! माझ्याच हातानं लावलाय!"

"मुंजीचंच वय! उद्या सकाळी!"

एकतीस मेला सकाळी बाग फुलून गेली. सांडूनं मांडवाची एक गुलाबी पट्टी ओढून पिंपळापर्यंत नेली आणि न सांगता झुंबर लावलं. दत्तोपंत सोवळ्यात, आवाज खणखणीत. छत्तीस वर्षं दाबून ठेवलेला होता सगळा. बूटवालीनं भिक्षावळीला लाडू आणले. मुलाची आई म्हणून चतुराबाई बसली. तिनं शिऱ्याचा पहिला घास बुंध्याशी ठेवला आणि मुंग्यांनी तो मानानं स्वीकारला. "मामा कोण?" दत्तोपंतांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुन्हा तेच! पण या वेळी मी गंमत केली नाही. "मीच," म्हणालो आणि पिंपळाला धरून उभा राहिलो.

मंगलाष्टकं झाली. माझ्या नावाच्या मेढीची मंगलाष्टकं! अक्षता पडल्या, अर्ध्या पिंपळावर, अर्ध्या माझ्यावर. मी शेजारी उभा होतो म्हणून.

दुपारपर्यंत सांडूनं मांडव उतरवला. मेढ चतुराबाईनं स्वतः हात लावून हलवली. "झालं बाबा कार्य," म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. लोक 'येतो' म्हणत गेले. एवढ्या लोकांनी एकदम 'येतो' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेबांनी तीन महिन्यांची मुदतवाढ सहीनिशी हातात ठेवली.

म्हणजे नोकरी राहिली. निवारा गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. सगळे आलेच नाहीत. जमिनीत खड्डे होते आणि पाटी होती. दत्तोपंत मुलाकडं पुण्याला गेले होते. नातवंडांची उन्हाळी शिबिरं संपून खरी सुट्टी लागली होती, त्यामुळं चतुराबाई एकदाची त्यांच्या मागं धावत होती. बूटवाली समोरून गेली. मी म्हणालो, "बरंय का?" तिनं कानातल्या गाणी ऐकायच्या बोंडांकडं बोट दाखवलं आणि पावलं मोजत पुढं गेली. तिची चूक नाही. नियम नऊ 'निवाऱ्यात' लागू होता. तसं मीच लिहिलं होतं.

"शिट्टी मार की," मी पुंजारामला म्हणालो.

"आता कुणाला उठवायचं साहेब? कोण बसलंय?"

मी रोज जाऊ लागलो. पिंपळाशेजारी बसायचो, आणि तो आधीपासून तिथं असल्यामुळं त्याची विचारपूस करायचो. तो 'बसा' म्हणत नसे, पण उठवतही नसे.

सातव्या दिवशी फाटकातून हिरवं लुगडं दिसलं. चतुराबाई! आणि तिच्यामागं इस्त्रीच्या मिशा. आप्पासाहेब! मी ताडकन उठलो. केसांवरून हात फिरवला, शर्ट खोचला. नोकरीची मुदतवाढ खिशातच होती, तीही काढून हातात धरली.

"बसा," मी म्हणालो.

आप्पासाहेब माझ्या शेजारून पुढं गेले आणि पिंपळाभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडं वळले.

"मामा तुम्हीच ना?"

"कुणाचे?"

"मुलाचे! आमच्या मुकुंदवाडीत दाराम्होरं कडूलिंब हाय. पोटच्या पोरीगत वाढवलाय. अक्का म्हणाल्या, पिंपळाची मुंज झालीय, आता लगीन लावता येतं. वय?"

"आठवं."

"स्वभाव?"

"शांत."

"व्यसन?"

"पाणी. तेही आलं तर."

आप्पासाहेबांनी बुंध्यावर थाप मारली. पिंपळ हलला नाही. मिशा वर गेल्या आणि वरच राहिल्या. "जागा सरकारी. कायमचा. एका जागी स्थिर. अन् बोलत नाय. पसंत हाय आपल्याला!"

मी मुदतवाढीची घडी घातली.

चतुराबाई जवळ आली. तिनं फडकं सोडून भाकरी माझ्या हातात दिली. "दिवाळी झाली की लगीन. मांडव हितंच पडंल. मेढ तूच धरायची. पत्रिकेवर तुझं नाव टाकणार हाय, मुलाचे मामा म्हून." मग बोट उगारून म्हणाली, "पण कोणी इचारलं नवरदेव कुठंय, तर तोंड उघडायचं नाय!"

मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, मी खूश होतो! शहरात आल्यापासून मला आलेलं हे पहिलं आमंत्रण. कधी एकदा खोलीवर जातो आणि पालीला सांगतो, असं झालं. जिना चढलो, दार उघडलं, दिवा लावला आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐकलं का!"

ट्यूबलाइटच्या डाव्या बाजूला पाल होती. नियमाप्रमाणे.

उजव्या बाजूला दुसरी होती.

मी दिवा बंद केला. हुकुमावरून.